चिखलात भेटलेला नीलपंख

"ऑक्टोबरात भिगवणला? अहो, फ्लेमिंगो नसतात आत्ता!" सुट्टीचा विषय निघाला तेव्हा ऑफिसातल्या तिघांनी तरी मला हे सांगितलं. नसतात, हे मलाही ठाऊक होतं. पावसाळा संपताना उजनीचा जलाशय काठोकाठ असतो. पाणी ओसरून कडेचा चिखल उघडा पडला की रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, उतरतात, साधारण डिसेंबरपासून पुढे. मला हवे होते ते वाटसरू. या दिवसांत माळावर घटकाभर टेकून पुढे जाणारे.

त्यातला एक तर फारच हवा होता: युरोपीय नीलपंख. हा मध्य आशियात आणि काश्मीरकडे वीण करतो, थंडी काढायला आफ्रिकेत जातो, आणि वाटेत सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडच्या तारांवर बसून नाकतोडे खातो. दोन वर्षं मी त्याला चुकवत आले होते. एकदा आठ दिवस उशीर झाला, आणि एकदा तासभर ज्याच्याकडे टक लावून बसले तो शेवटी आपला नेहमीचाच नीलपंख निघाला. यंदा ऑक्टोबरचा दुसरा शनिवार धरला. त्या दिवशी 'ऑक्टोबर बिग डे' असतो, जगभरचे पक्षीवाले आपापल्या याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतात. घरच्यांना सांगायला तेवढंच एक भारदस्त कारण.

गाडीत आम्ही चौघं. मी, ताई, नववीतली भाची आणि दाजी. दाजींना पक्ष्यांशी काही देणंघेणं नाही. गाडी ते चालवणार आणि रविवारी दुपारी त्यांना भिगवणची मासळी मिळणार, असा व्यवहार ठरला होता.

शुक्रवार संध्याकाळ: मोरगाव

हडपसरच्या ट्रॅफिकबद्दल लिहीत नाही. पुणेकरांना सांगायला नको आणि बाकीच्यांना पटणार नाही. दिवे घाट, सासवड, जेजुरी करत मोरगावला पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. मयूरेश्वराचं दर्शन झालं. देवळाला चार कोपऱ्यांत चार मनोरे आहेत. त्यांतल्या एकावर पिंगळ्यांची जोडी भांडत बसली होती, सहलीची यादी तिथूनच सुरू झाली. रात्री पिठलं, बाजरीची भाकरी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. बाजरी नुकतीच निघालेली, नव्या भाकरीला वेगळाच वास येतो. दाजी तीन भाकऱ्या खाऊन म्हणाले, "पक्षी नाही दिसले तरी चालेल आता."

शनिवार पहाट: मयूरेश्वर अभयारण्य

सुप्याजवळचं हे अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. 'अभयारण्य' ऐकून आपण जे डोळ्यांसमोर आणतो त्यातलं इथे काहीच नाही. घनदाट झाडी नाही, ओढ्याची खळखळ नाही. टेकाडं, मुरूम, खुरटी बाभूळ आणि गवत. पण ऑक्टोबरातलं गवत! पवन्या आणि मारवेल गुडघ्याच्या वर गेलेलं, वरून पिवळं पडायला लागलेलं, खाली अजून हिरवं. दव इतकं की कोळ्यांची जाळी लांबून वाळत घातलेल्या रुमालांसारखी दिसत होती.

आत शिरल्यावर पाचच मिनिटांत चिंकारा. एक मादी आणि तिचं पाडस. आमच्याकडे बघून शेपटी दोनदा झटकली आणि पुन्हा चरायला लागले. ताईने फोन काढेपर्यंत ते गवतात असे विरघळले की आधी खरंच होते का, असा प्रश्न पडावा.

मग आवाज सुरू झाले. डोंबारी चंडोलाचा नर सरळ वर चढतो, पंख मिटून खाली झोकून देतो, जमिनीला टेकायच्या आत सावरून पुन्हा वर. ज्या कोणी त्याला हे नाव दिलं त्याने डोंबाऱ्याचा खेळही नीट पाहिला असणार आणि पक्षीही. तितर ओरडत होते. भाचीच्या पायाशी लावऱ्यांचा थवा भुर्रकन उडाला आणि ती किंचाळली, त्यामुळे पुढची दहा मिनिटं कोणालाच काही दिसलं नाही.

सव्वासातला पहिला भोवत्या, म्हणजे हॅरियर हा शिकारी पक्षी, आला. गवताच्या वर जेमतेम हातभर अंतर ठेवून, पंख इंग्रजी 'व्ही'सारखे उचलून, डावीकडे कलत, उजवीकडे कलत. भोवत्या हे नाव त्याच्या त्या घिरट्यांवरूनच. कझाकिस्तानच्या गवताळ मुलखातून येतात हे, आणि इथल्या माळावर नाकतोडे, उंदीर, लहान पाखरं खात हिवाळा काढतात. रात्री झाडावर नाही, जमिनीवरच गवतात झोपतात, तेही गटाने. यांच्या दोन जातींचे नर वेगळे ओळखणं सोपं: मोंटॅगूच्या भोवत्याच्या राखी पंखावर काळी आडवी पट्टी असते, पांढुरका भोवत्या जवळजवळ पांढराच. माद्यांची मात्र परीक्षा असते, दोन्ही तपकिरी, दोघींच्या कमरेवर पांढरा पट्टा. मानेभोवती फिकट कॉलर ठळक दिसली तर पांढुरक्या भोवत्याची मादी, असं मी भाचीला शिकवत होते. तेवढ्यात ती म्हणाली, "मावशी, कॉलर आहे, पण तू बघतेयस तिला नाही, तिच्यामागच्या दुसरीला." बरोबर होतं तिचं. चाळिशीनंतर दुर्बीण महाग घ्यावी आणि भाची तरुण असावी.

साडेनऊपर्यंत सापमार गरुड (हेलिकॉप्टरसारखा एका जागी तरंगत, एवढा मोठा पक्षी तसं करतो यावर दाजींचा विश्वास बसेना), दोन खरुची, कापशी घार, खाटीक, माळटिटव्या आणि गप्पीदास एवढी कमाई झाली. नंतर ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि सगळे गप्प.

इथे जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. सकाळी गेट उघडायच्या वेळेला हजर राहा, नऊनंतर गवतात काही हलत नाही. सुती मोजे घालू नका. कुसळी गवताची कुसळं त्यांत अशी शिरतात की मोजे घरी आणण्यापेक्षा तिथेच सोडून यावेत असं वाटतं. मी अजून एक एक काढते आहे. आत सावली जवळपास नाही, पाणी माणशी दोन लिटर तरी हवं. आणि मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. हजारो किलोमीटर उडून दमलेल्या जीवाला खोटी हाक मारण्यात काय मजा आहे?

शनिवार दुपार: सुप्याच्या पलीकडचा माळ

सुप्याच्या चौकात वडापाव आणि चहा घेऊन आम्ही अभयारण्याबाहेरच्या माळाकडे वळलो. खरं सांगायचं तर मला आतल्यापेक्षा हा बाहेरचाच भाग जास्त आवडतो. इथे कुंपण नाही, पाटी नाही. म्हणजे पाट्या आहेत, पण त्या 'एनए प्लॉट विकणे आहे' अशा. दोन ठिकाणी चुन्याच्या रेघा आखलेल्या होत्या. एका टेकाडावर झाडं लावायला ओळीने खड्डे घेतलेले. झाडं लावणं म्हणजे पुण्य, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की गवतावर झाडं लावली तर गवतावर जगणाऱ्यांचं काय होतं हे विचारायलाही संकोच वाटतो. गिरिपुष्पाची दाट रांग उभी राहिली की तिथे चंडोल घरटं करत नाही आणि भोवत्या झोपायला येत नाही. बुलबुल येतात, पण बुलबुल माझ्या बाल्कनीतही येतात.

बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत एक मेंढपाळ आजोबा बसले होते. पिवळं पटकं, खांद्यावर घोंगडं, समोर दीडेकशे मेंढरं.

"पाखरं बगाया आलाय व्हय?" दुर्बीण बघून त्यांनीच विचारलं.

"हो बाबा. तुम्हाला दिसतात का इथे काही वेगळी?"

"दिसत्यात की. पर वेगळी कंची आन् रोजची कंची, ते तुमी ठरीवणार." मग जरा थांबून, "पळतंय, थांबतंय, पळतंय, थांबतंय, असलं पायजे का? तिकडं नांगरटीच्या कडंला हायेत."

मी उडालेच. पळतंय-थांबतंय म्हणजे धाविकच! आम्ही त्यांनी दाखवलेल्या दिशेला गेलो. पाच मिनिटं फक्त ढेकळं दिसली. मग एक ढेकूळ पळालं. एकूण सहा भारतीय धाविक होते. तांबूस छाती, डोळ्यावरून मागे गेलेली काळी-पांढरी रेघ, लांब पांढुरके पाय. दहा पावलं धावायचं, ताठ उभं राहायचं, वाकून काहीतरी टिपायचं, पुन्हा धावायचं. ताई म्हणाली, "आपली शाळेची लंगडी आठवते का, तसं चाललंय." अर्धा तास आम्ही तिथे बसून होतो. उठवून उडवायचं नाही एवढं पाळलं तर ते आपल्याला विसरून आणखी जवळ येतात.

परत येऊन आजोबांबरोबर चहा घेतला, थर्मासमधला. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या आत परत माळावर, हा त्यांचा नेम. वाटेत पूर्वी जिथे मुक्काम पडायचा तिथे आता ऊस किंवा तारेचं कुंपण. "पाखराचं बरंय," ते म्हणाले, "त्याला कुनी इचारत न्हाई कुनाच्या रानातनं चाललास." जाताना त्यांनी आभाळाकडे बघून सांगितलं, "चारच्या आत रस्त्याला लागा. चित्रा हाय."

पडल्या चित्रा तर भात खाईना कुत्रा, ही चित्रा नक्षत्रातल्या पावसाची म्हण मला पाठ होती. अर्थ कळायला चार वाजावे लागले.

शनिवार, चार ते साडेपाच

परतीचा पाऊस कसा येतो हे मुंबई-पुण्यात इमारतींमुळे कळत नाही. इथे तो आम्हाला पंधरा मिनिटं आधीपासून चालत येताना दिसत होता. आधी गार वारा, मग मातीचा वास, मग टपोरे थेंब, मग काचेपलीकडे काही नाही. वीस मिनिटांत खेळ संपला. लख्ख ऊन पडलं. आम्ही निघालो, आणि माळाचा मुरूम संपून शेताची काळी माती कुठे सुरू झाली हे दाजींना कळलं नाही. मलाही नाही, पण गाडी ते चालवत होते.

चाकं अर्धी आत. दगड घातले, ढकलून झालं, ताईचा नवा पंजाबी ड्रेस चिखलाने माखला. शेवटी भाची आणि दाजी वस्तीवर जाऊन ट्रॅक्टर बोलावून आले. वाट बघत मी बांधावर बसले होते. नीलपंखाची वेळ गेली, संध्याकाळ गेली, असा हिशेब मनात चालू. समोर विजेची तार. त्यावर एक नीलपंख. मी त्याच्याकडे नीट बघितलंही नाही. इतके नेहमीचे झालेत ते.

भाची आल्या आल्या म्हणाली, "मावशी, त्याच्या छातीवर रेघा नाहीत."

आपल्या नीलपंखाचा गळा आणि छाती तांबूस-जांभळट असते, त्यावर बारीक फिक्या रेघा. कर्नाटक-तेलंगणाचा राज्यपक्षी तो हाच. आणि हा समोरचा डोक्यापासून पोटापर्यंत सलग फिकट निळा, धुऊन काढल्यासारखा. पाठ मात्र तांबूस विटकरी. माझे हात थरथरायला लागले, दुर्बिणीत तो नाचायला लागला. उडू दे, एकदा उडू दे, असं मी पुटपुटत होते, कारण खरी खूण पंखात असते. आपला उडाला की पंखाच्या टोकाकडे चकाकता फिकट निळा पट्टा दिसतो, याची पिसं काळपट. एक नाकतोडा दिसला असावा. तो खाली झेपावला, पंख पसरले. काळे!

ट्रॅक्टर आला तेव्हा आम्ही तिघी चिखलात उभ्या राहून उड्या मारत होतो. चालवणारा विशीतला पोरगा. त्याने आधी गाडी बघितली, मग आम्हाला.

"काय झालं?"

भाचीने त्याला दुर्बीण दिली. त्याने बघितलं. "हा रोजचाच हाय की."

"नाही, तो वेगळा." तिने पुस्तक काढलं, दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवली, छाती, पंख, सगळं. त्याने पुन्हा बघितलं, या वेळी बराच वेळ. "म्हंजे ह्यो हितला न्हाई."

"नाही. आफ्रिकेला चाललाय."

"मग उद्या नसंल?"

"नसेलही."

त्याने दुर्बिणीला मोबाइल चिकटवून तीन फोटो काढले, त्यातला एक बऱ्यापैकी आला. मग दोन मिनिटांत गाडी बाहेर. पैसे काही केल्या घेईना. फोटोतला पक्षी कुठला ते नीट लिहून पाठवा, एवढंच म्हणाला. दाजींनी नंबर घेतला.

सूर्यास्ताला आणखी एक बेत होता, रंगीत पखुर्डीचा. पखुर्ड्या कबुतराएवढ्या, मातीच्या रंगाच्या. त्यांतली रंगीत पखुर्डी अंधार पडता पडता पाणवठ्यावर येते. साधी तांबूस पोटाची पखुर्डी सकाळी ऊन चढल्यावर. म्हणून एका तळ्याकाठी अंधार होईपर्यंत बसलो. एकही आली नाही. नंतर डोक्यात प्रकाश पडला: पावसाने माळभर डबकी साचली होती, कशाला येतील त्या तळ्यावर? तुम्हाला पखुर्डी बघायची असेल तर पाऊस होऊन चांगले आठ-दहा दिवस गेल्यावर या. आणि ढग दिसले तर मुरमाच्या वाटेवरून खाली उतरू नका. हा सल्ला आम्ही ताईच्या ड्रेसची किंमत मोजून मिळवला आहे.

रविवार: कुंभारगाव

रात्री बारामतीमार्गे भिगवणजवळच्या कुंभारगावात पोहोचलो. पहाटे सव्वासहाला होडीत. नावाडीच आमचे वाटाडे, मूळचे मासेमारी करणारे. हिवाळ्यात पाहुणे, एरवी जाळी.

उजनी धरण भीमेवर १९८० साली पूर्ण झालं. साठा ११७ टीएमसी म्हणतात तेव्हा नुसता आकडा वाटतो, पण ऑक्टोबरात काठावर उभं राहिलं की पलीकडचा किनारा शोधावा लागतो. पळसदेवचं जुनं देऊळ याच पाण्याखाली गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. "आता शिखरावरनं होडी जाईल," असं नावाडीभाऊ म्हणाले आणि ताईने होडीचा काठ घट्ट धरला.

फ्लेमिंगो नव्हते, हे नोंदवून ठेवते. पण कैकर होता. बुडालेल्या वाळक्या झाडाच्या शेंड्यावर बसलेला. आमच्यासमोर उडाला, वर जाऊन थबकला आणि पाय पुढे करून पाण्यात कोसळला. पाणी उडालं, क्षणभर तो दिसेनासाच झाला, मग अंग झटकत वर आला तेव्हा पंजात मासा. मासा त्याने तोंड पुढे करून धरला होता. हवा कापायला सोपं जावं म्हणून कैकर तो असाच फिरवून घेतो. "चिलापी," नावाडीभाऊंनी लांबूनच ओळखलं. तेवढ्यात दाजींनी पहिल्यांदाच दुर्बीण मागितली. माशासाठी का पक्ष्यासाठी, ते विचारलं नाही.

मोर शराट्यांचा थवा गेला, उन्हात तांब्यासारखा चमकत. नदी सुरय, चित्रबलाक, एक दलदली भोवत्या, नुकतीच आलेली भुवई बदकं. कडेच्या गवतात हळदी-कुंकू बदकांची जोडी: चोचीच्या टोकाला हळद, कपाळापाशी कुंकवाचे दोन ठिपके. आणि वारकरी, अंगाने काळेकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा, दाटीवाटीने एकाच दिशेला चाललेले. भाचीने या सगळ्या नावांची वहीत वेगळी यादी केली. पुस्तकातल्या नावांपेक्षा ही लक्षात राहतात, हे तिचं म्हणणं.

या दिवसांत होडी करायची तर थोडं सांभाळून. पाणी खोल असतं आणि नऊनंतर वारा सुटला की लाटा उठतात. लाइफ जॅकेट मागून घ्या, लहान मुलांना आधी. दर आणि वेळ निघण्यापूर्वीच बोलून घ्या. गर्दी मात्र शून्य, त्या सकाळी अख्ख्या पाण्यावर आमचीच होडी. जानेवारीत इथे होड्यांची रांग लागते. वेळ असेल तर इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचा माळ जोडून घ्या, तिथे चिंकारा आणि नशीब असेल तर लांडगा दिसतो. आम्हाला वेळ नव्हता, कारण जेवण होतं.

आता जेवण. चिलापी तळलेली, वर रवा न लावता नुसतं तिखट-मीठ-हळद. मरळीचा रस्सा, काळ्या मसाल्यातला, वर तरी तरंगणारी. ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू. बनवणाऱ्या काकू दारात उभ्या राहून, "अजून घ्या की, पाखरं बघून पोट भरतंय का?" असं विचारत होत्या. दाजींनी त्यांना सांगितलं की त्यांचा आजवरचा सर्वांत चांगला पक्षीनिरीक्षणाचा दौरा हाच. दुसरा दौरा त्यांनी केलेलाच नाही, हे मी बोलले नाही.

संध्याकाळी घरी. दोन दिवसांत एकूण ९४ जाती, त्यांतली एक माझ्यासाठी आयुष्यात पहिली. रात्री ट्रॅक्टरवाल्या मुलाला नाव लिहून पाठवलं: युरोपीय नीलपंख.

सोमवारी सकाळी ऑफिसच्या वाटेवर असताना दाजींनी त्याचं उत्तर पुढे पाठवलं. एक फोटो. तीच तार, मागे तेच धुतलेलं आभाळ, तारेवर एकटा कोतवाल. खाली लिहिलं होतं, "गेलं वाटतं तुमचं पाखरू. मी सात वाजल्यापासून बघतोय."